एकादशीला बसवलेलं बेअरिंग

लालबाग-परळात मला अजून काही जण एकादशी मिस्त्री म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, हा मोठा उपासतापास करणारा सज्जन दिसतो. मी त्याचा गैरसमज दूर करायला जात नाही. उपास मला दुपारपर्यंतच सोसतो. नाव पडलं ते धंद्यातल्या एका चुकीवरून. ती केली तेव्हा माझ्याइतका हुशार फिटर मुंबईत दुसरा नाही अशी माझी पक्की समजूत होती. समजूत माझ्या एकट्याचीच असल्यामुळे तिला विरोध करणारंही कोणी नव्हतं.

गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळू लागून चारेक वर्षं झाली होती. मी परळच्या एका कापडगिरणीत फिटर होतो आणि रविवारी बाहेरची कामं करायचो. जेवायला सखुबाईच्या खानावळीत. सखुबाई साताऱ्याकडची, विधवा, गळ्यात माळ घातलेली. लालबागेतल्या एका दुमजली घराच्या माडीवर तिची लांबलचक खोली होती. फळ्या ठोकून केलेल्या लाकडी तक्तपोशीवर आम्ही चाळीस गिरणीवाले समोरासमोर दोन ओळींत बसायचो आणि ती मधून वाढत जायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो आणि ती आम्हां सगळ्यांना एकाच सुरात ओरडायची.

त्याच घरात तळमजल्यावर तात्या नवलकरांची पिठाची गिरण होती. घरही तात्यांचंच. ते स्वतः गिरगावात राहायचे. तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी करून पेन्शनीत निघाले आणि घरी बसून करमेना म्हणून त्यांनी हा उद्योग काढला. एक जुनं वाफेचं इंजिन कुलाब्याच्या कुठल्याशा कापूस दाबायच्या कारखान्यानं मोडीत काढलं होतं, ते त्यांनी आणलं. ते चालवायला मालवणकडचा दत्तू ठेवला. इंजिनापासून जात्यापर्यंत लोखंडी शाफ्ट, शाफ्टावर पुली, पुलीवर पट्टा, आणि पट्ट्यानं जातं फिरायचं.

अडचण एवढीच होती की जातं एकच होतं. सकाळी त्यावर लोकांची ज्वारी दळायची आणि दुपारी मिरची. मग दुसऱ्या दिवशीची भाकरी खाताना अख्ख्या आळीच्या डोळ्यांतून पाणी. बायका भांडायला येऊ लागल्या, तेव्हा तात्यांनी मिरचीसाठी दुसरं जातं विकत घेतलं आणि मला बोलावलं.

दुसऱ्या जात्यापर्यंत पोचायला शाफ्ट जोडून दुप्पट लांब करायचा होता. एवढा लांब शाफ्ट नुसता दोन टोकांच्या बेअरिंगांत धरला तर मधे पोट सोडतो. म्हणून मधोमध तिसरं बेअरिंग हवं, त्याला आधार द्यायला.

"मिस्त्री," तात्या म्हणाले, "जमिनीतून एक दगडी खांब वर घेतला आणि त्यावर हे बेअरिंग ठेवलं तर?"

मी हसलो. दत्तूकडे बघून हसलो, म्हणजे त्यालाही हसता यावं.

"तात्या, गिरण चालवायची आहे की देऊळ बांधायचंय? बायका टोपल्या घेऊन येणार, त्या खांबाला अडखळणार. मोठ्या गिरण्यांत जाऊन बघा. सगळी बेअरिंगं वरून टांगलेली असतात. इथे ही एवढी सागवानी तुळई आहे, तिला ब्रॅकेट मारतो आणि देतो टांगून."

तात्यांनी तीस वर्षं साहेबाच्या म्हणण्याला मान डोलावली होती. त्या दिवशी माझ्या म्हणण्याला डोलावली.

आता शाफ्ट सरळ बसवायचा म्हणजे सगळा खेळ दोरीचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक दोरी ताणायची आणि तिन्ही बेअरिंगं बरोबर तिच्या रेषेत आणायची. वर कोणी चाललं तरी दोरी थरथरते. वरती तर चाळीस माणसांची खानावळ. म्हणून मी दिवस निवडला, आणि तो निवडला याचा मला किती अभिमान वाटला होता ते आता सांगवत नाही. मी रविवारी आलेली एकादशी निवडली. एकादशीला मावशी चूल पेटवायची नाही. ती विठोबाच्या देवळात, माळकरी मंडळी तिच्यामागे भजनाला, आणि आमची कोकणातली मंडळी कोणाला न सांगता वरळीच्या कोळीवाड्याकडे, कालवण कुठे मिळतं ते बघायला. माडीवर चिटपाखरू नव्हतं.

दोरी अशी स्थिर राहिली की तिच्यावर मुंगी चालली असती तर मला कळलं असतं. तुळईला ब्रॅकेट घट्ट केलं. बेअरिंगाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालून केसाएवढा फरकसुद्धा काढून टाकला. दत्तूनं इंजिन सुरू केलं आणि शाफ्ट आवाज न करता फिरू लागला. मी मधल्या बेअरिंगावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली. पाणी हललं नाही.

"माझी दोरी खोटं बोलत नाही," मी म्हणालो. हे मी त्या आठवड्यात निदान वीस जणांना सांगितलं.

सोमवारी गिरणी सुटल्यावर आम्ही जेवायला बसलो. पहिला घास तोंडात गेला आणि खालून कण्हल्यासारखा आवाज सुरू झाला. मग खडखडाट. मग दत्तूची हाक, "मिस्त्री, बेगीन येवा."

मी उष्ट्या हातानं खाली धावलो. माझ्यामागे तमाशा बघायला अख्खी पंगत उतरली. खाली जाऊन बघतो तर शाफ्ट गुपचूप फिरतोय.

"शाफ्ट आताच कणत होतो," दत्तू कसनुसा म्हणाला. "देवाशपथ."

आम्ही वर गेलो, बसलो. आवाज सुरू. परत खाली. आवाज बंद. तिसऱ्या खेपेला मावशी जिन्यात डाव घेऊन उभी राहिली.

"आता जो खाली जाईल त्याला भात न्हाई," ती म्हणाली. भातापुढे शाफ्टाचं कोणाला काय. आम्ही बसून जेवलो आणि खाली शाफ्ट तासभर कण्हत राहिला.

पुढे हे रोजचंच झालं. सातच्या सुमारास शाफ्ट कुरकुरायला लागायचा, मधलं बेअरिंग तापून तेलाचा करपट वास माडीपर्यंत यायचा, पट्टा घसरायचा आणि मिरची जाडीभरडी पडायची. आठ वाजता मी जेवून, तोंड धुऊन, सुपारी चघळत खाली उतरायचो आणि दोरी लावायचो. दोरी सरळ. मी तेल बदललं, पट्टा बदलला, बेअरिंगातल्या पितळी वाट्या घासून नव्या बसवल्या. काही फरक नाही. दत्तूनं तर ब्रॅकेटला लिंबू-मिरची बांधली. मिरचीच्या गिरणीत मिरची बांधून कोणाला भीती घालायची होती कोण जाणे.

"ह्येका कोणाची तरी नजर लागली हा," तो म्हणायचा. "बरोबर तिनसांजेकच कसो कणता?"

वरळीची शेवंता कोळीण आपला वर्षाचा मसाला दळायला आली होती. दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन परत आली आणि माझ्यासमोर मूठभर मसाला धरला.

"मिस्त्री, ह्यो मसाला हाय का किनाऱ्याची वालू?" ती म्हणाली. "तुजी दोरी खोटं बोलत नाय म्हनं. मंग बोलतंय कोन?"

मी म्हणालो, इंजिन जुनं आहे. दुसऱ्या दिवशी म्हणालो, कोळसा ओला आहे. तिसऱ्या दिवशी मिरचीला दोष दिला. माझ्या दोरीला दोष देण्याची वेळ माझ्यावर आलीच नाही, इतक्या वस्तू त्या गिरणीत होत्या.

तात्या मात्र गप्प होते. ते रोज एका वहीत काहीतरी लिहायचे. मला वाटायचं, दळणाचा हिशेब असेल. दोन महिने झाल्यावर एका शनिवारी त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि ती वही उघडली. सुवाच्य अक्षरात तीन रकाने होते. तारीख, आरंभ, समाप्ती. सात वाजून पाच मिनिटं, आरंभ. आठ वाजता, समाप्ती. रविवारी दुपारीसुद्धा, बारा ते दीड. पानंच्या पानं तशीच. आणि मधेच चार ठिकाणी आडवी ओळ: एकादशी, त्रास नाही.

"मिस्त्री, शाफ्टाला एकादशी कळते का?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"खानावळीला कळते. त्रास वरून आहे. उद्या दुपारी मी सगळ्यांसमोर ते सिद्ध करून दाखवणार आहे. सिद्ध झालं की सखुबाईंनी महिनाअखेर जागा सोडायची. माझाही नाइलाज आहे. दुसरं जातं मी शोभेला घेतलेलं नाही."

मी वहीतल्या त्या आडव्या ओळी पुन्हा वाचल्या. चाळीस माणसं त्या तक्तपोशीवर बसत होती आणि तक्तपोशी त्याच तुळईवर होती. माणसं बसली की तुळई वाकणार, दोन तांदळांच्या जाडीएवढी का होईना. तिला टांगलेलं माझं बेअरिंग तेवढंच खाली जाणार आणि शाफ्टाला मधेच दाबून धरणार. माणसं उठली की सगळं परत जागेवर. मी दोरी लावली ती माडी रिकामी असताना. त्यानंतर दर वेळी तपासलं तेही पंगत उठल्यावर, पोट भरून. दोन महिने मी त्या बेअरिंगाचा दोष शोधत होतो आणि रोज सात वाजता स्वतःच त्याच्या डोक्यावर जाऊन बसत होतो.

मोठ्या गिरण्यांत बेअरिंगं टांगतात ती लोखंडी गर्डरला, आणि त्या गर्डरवर कोणी आमटी-भात खात नाही. हे कोणत्याही शिकाऊ फिटरनं सांगितलं असतं. तात्यांनी तर खांब सुचवला होता. कारकुनानं.

हे सगळं मला कळलं आणि मी तात्यांना काहीही बोललो नाही. कारण दुसरी गोष्टही मला तेवढ्याच लख्ख कळली होती. खानावळ गेली की शाफ्ट खरोखरच सरळ चालणार होता. मग माझी दोरी खरी, माझं ब्रॅकेट खरं, आणि दोष सखुबाईचा. मला फक्त गप्प बसायचं होतं. मावशीला दुसरी जागा कुठून मिळणार, एकट्या बाईला चाळीस गिरणीवाल्यांच्या पंगतीसकट कोण खोली देणार, हे मनात येत होतं. येत होतं आणि मी ते बाजूला सारत होतो. मला माझीच लाज वाटत होती, पण नाव जाण्याची भीती तिच्याहून मोठी होती.

रविवारी दुपारी बरोबर बारा वाजता तात्या पगडी घालून, वही घेऊन माडीवर आले. खाली दत्तूनं इंजिन चालू ठेवलं होतं. पंगत बसली होती, पानात भात पडला होता.

"सर्वांनी कृपा करून उभं राहावं," तात्या म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही, पण पगडीचा मान म्हणून सगळे उभे राहिले.

"उभे राहिलात त्या जागेवरून भिंतीकडे सरका." आम्ही सरकलो. तक्तपोशीच्या फटीतून दत्तूचा आवाज आला, "शाफ्ट गप झालो." "हं. आता परत पानावर बसा."

बसलो. खालून कण्हणं सुरू. "कणता," दत्तू ओरडला.

तात्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, "पुन्हा एकदा. उठा." उठलो, सरकलो. "गप झालो." बसा. "कणता." आमच्यातला रघू, साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा धिप्पाड गडी, सगळ्यांत जास्त भुकेला. तो चौथ्या खेपेला उठायलाच तयार होईना. तात्यांनी त्यालाच एकट्याला बसवून बघितलं. "उलीसो कणता," खालून उत्तर आलं. आपल्या एकट्याच्या वजनानंही शाफ्ट थोडासा कण्हतो, हे रघूला इतकं लागलं की त्यानं त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

पाच वेळा झाल्यावर तात्यांनी वही मिटली.

"सखुबाई, तुमच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण तुमची पंगत आणि माझं जातं एका घरात राहू शकत नाही. महिनाअखेर जागा रिकामी करा." मग ते माझ्याकडे वळले. "मिस्त्री, तुम्ही जाणकार आहात. मी म्हणतो ते बरोबर ना?"

चाळीस जण माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हणून मान हलवली. आयुष्यात केलेल्या कामांपैकी तेवढंच एक मला पुसून टाकता आलं असतं तर बरं झालं असतं.

मावशीनं पदर खोचला. ती रडली नाही, भांडली नाही. "पंगत उठू द्या, तात्यासाहेब, मग बोलू," एवढंच म्हणाली आणि आमटीचं भांडं घेऊन ओळीतून फिरू लागली. माझ्या पानापाशी आली तेव्हा मी वर बघितलं नाही. तिनं रोजच्यासारखी आधी एक पळी वाढली, आणि मला आमटी जास्त लागते म्हणून दुसरीही वाढली.

मी घास उचलला. तो परत पानात ठेवला.

"तात्या," मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"कोणती चूक?"

मी उभा राहिलो. उष्टा हात तसाच. "खांब उभारायला हवा होता, तुम्ही सांगितला होतात तसा. माणसं वावरतात त्या तुळईला बेअरिंग टांगायचं नसतं. आणि मी दोरी लावली तीही एकादशीला, माडी मोकळी बघून. घर रिकामं असताना माप घेतलं आणि भरलेल्या घराला दोष दिला. मावशीची पंगत मी यायच्या आधीपासून इथे बसतेय. मला ती दिसायला हवी होती. मी तर तिच्यातच बसलो होतो."

मग रघू हसला. तो हसला तसे सगळे हसायला लागले, आणि चाळीस माणसं अशी गदगदून हसली की खालून दत्तू घाबऱ्या आवाजात विचारू लागला, आता काय झाला. एकादशी मिस्त्री हे नाव तिथेच, त्याच पंगतीत ठेवलं गेलं. संध्याकाळपर्यंत ते परळला पोचलं होतं आणि सोमवारी सकाळी माझ्या गिरणीच्या फाटकावर माझी वाट बघत होतं.

तात्या हसले नाहीत. त्यांनी वही पुन्हा उघडली, शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "खांबाला किती दिवस लागतील?"

"पुढच्या रविवारी उभा करतो. मजुरी घेणार नाही."

"दगड मी आणतो," ते म्हणाले. "सखुबाई, मघाचं माझं बोलणं मागे घेतो." कारकून माणूस. लिहिलेलं खोडताना तो कोणावर रागावत नाही.

पुढच्या रविवारी खांब उभा राहिला, फूटभर खोल पायावर. बेअरिंग तुळईवरून काढून त्यावर बसवलं. या वेळी दोरी लावली ती भरल्या पंगतीखाली. मावशीनं मुद्दाम सगळ्यांना जास्त वाढून दीड तास बसवून ठेवलं. मग पंगत उठली आणि मी परत दोरी बघितली. तीच रेष. इंजिन चालू केलं. लोक बसले, उठले, रघू एकदा मुद्दाम उडीसुद्धा मारून आला. शाफ्टानं कशाची दखल घेतली नाही.

सगळे गेल्यावर मी हत्यारं गोळा करून वर पाणी प्यायला गेलो. मावशी एकटीच होती.

"मावशी," मी म्हणालो, "मला खरंच कळलं नव्हतं. तात्यांनी वही दाखवली तेव्हा कळलं."

"मला पहिल्याच दिशी कळलं," ती म्हणाली. "पंगत बसली की खाली कणतं, उठली की गप. मी रोज वाढतीया, मला दिसणार न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस? मला नाही तर तात्यांना सांगायचंस."

"काय सांगायचं? माझ्यामुळं न्हाई, मिस्त्रीमुळं? बाई जागा राखाय बोलतीया, असंच म्हनलं असतं की समद्यांनी. तूबी म्हनला असतास." तिनं मला लोटीभर पाणी दिलं. "हिकडं ये जरा. गाठ एकटीला सुटंना झालीया."

चुलीमागच्या कोपऱ्यात एक मोठं गाठोडं होतं. जाडजूड सतरंजीत बांधलेलं. आत तिची मोठी पातेली होती, परात होती, विठोबाची तसबीर होती. दोन महिने ती लहान भांड्यांत चार-चार वेळा रांधून आम्हां चाळीस जणांना जेवायला घालत होती आणि आमच्यातल्या एकालाही ते कळलं नव्हतं. मी रोज नटबोल्ट सोडणारा माणूस. तरी ती गाठ सोडवायला मला बराच वेळ लागला. ती तिनं त्या पहिल्या सोमवारीच मारून ठेवली होती.